आधीच कडू ठरलेली कॉफी

एकदा एका तरुणीला कॉफीचा छंद लागला. छंद म्हणजे उकळत्या दुधात चमचाभर पूड ढवळण्याचा नव्हे. तिने भाजलेल्या बिया आणल्या, हाताने फिरवायचा ग्राइंडर आणला, चिनी मातीचे एक नरसाळे आणि त्यात बसणारी कागदी गाळणी आणली. त्याच आळीत एक वृद्ध गृहस्थ राहत. तारुण्यात ते कॉफीच्या मळ्यांवर कामाला होते. त्यांच्याकडे जाऊन ती दळण कसे असावे, पाण्याची धार किती बारीक धरावी, हे सारे मन लावून शिकली.

हात तयार झाला. स्वभाव मात्र भित्राच राहिला. कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या हातातला चमचा खाली पडे. पाहुण्यांपुढे कॉफी ठेवायची वेळ आली की कप टेबलाला टेकण्याच्या आत तोंडून शब्द निघून जात, "जरा कडू झालीय बहुतेक, सांभाळून घ्या हं."

पाहुणे बिचारे सज्जन. ते म्हणत, "छे छे, कडू कुठे? मस्त झालीय." आणि अर्धा कप तसाच ठेवून जात.

ते गेल्यावर ही त्या अर्ध्या कपांकडे बघत बसे. माझे मन राखायला खोटे बोलले, कॉफी कडूच झाली असणार, असा तिचा निष्कर्ष ठरलेला. स्वतः चाखून पाहिली तरी काय उपयोग? मनाने आधीच कडू ठरवलेले असले की जीभही त्याला दुजोरा देते. पूड फार बारीक झाली की पाणी तिच्यात रेंगाळते आणि कडवटपणा खेचून आणते, हे तिला ठाऊक होते. म्हणून दर खेपेस ती ग्राइंडर थोडा सैल करी आणि पूड थोडी आणखी जाड दळी. अर्धे कप काही मागे राहायचे थांबले नाहीत.

शेवटी एका दुपारी ग्राइंडर पिशवीत घालून ती वृद्धांच्या दारात उभी राहिली.

"आजोबा, हा तुमच्याकडे ठेवून घ्या. मला नाही जमत."

"काय नाही जमत?"

"कुणी कप संपवतच नाही. मला वाटलं होतं, एक गोष्ट तरी आपल्याला नीट येईल. कुणी पूर्ण कप प्यायलं असतं ना, तरी पुरलं असतं मला."

वृद्धांनी पिशवीकडे पाहिले, पण हात पुढे केला नाही. "ठेव की. पण आज मसालेवाले शेटजी यायचेत, आणि शेजारच्या मावशी. तेवढी कॉफी करून जा. मग ठेव."

"शेटजी?" तिचा चेहरा उतरला. "ते तर तोंडावर बोलतात."

"मग कुठे बोलावं माणसानं?" वृद्ध म्हणाले आणि पाणी तापत ठेवायला आत गेले.

थोड्याच वेळात पाहुणे येऊन बसले. आत हिने जपून कॉफी गाळली, कप भरले, तबक उचलणार तोच वृद्धांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

"एक मोठा घोट घे. गिळायचा नाही. मी सांगेपर्यंत तोंडातच ठेवायचा."

जाणकार लोक जीभ स्वच्छ करण्यासाठी असे काहीतरी करत असावेत, असे तिला वाटले. तिने गाल फुगवून पाणी धरले आणि तबक बाहेर नेले. कप ठेवताना सवयीने ओठ उघडू पाहत होते. पाणी हनुवटीवर ओघळू लागले, तशी तिने घाईने ओठ मिटले.

शेटजी तिच्याकडे पाहत राहिले. "पोरीला काय झालं? दाढ दुखते का?"

"आज तिचा गप्प राहण्याचा धडा आहे," वृद्ध म्हणाले. "तुम्ही घ्या."

शेटजींनी घोट घेतला. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. ते वृद्धांकडे वळले. "अण्णा, हिच्यात कोकम घातलंय का?"

"कोकम?"

"आंबट आहे हो. चांगलीच आंबट आहे."

मावशींनी सुटकेचा निःश्वास टाकला. "हुश्श. मला वाटायचं माझ्याच तोंडाला चव नाही. दर वेळी आंबटच लागते मला."

"मग सांगितलं का नाहीत कधी?" वृद्धांनी विचारले.

"कसं सांगणार? ही आपली आधीच कडू कडू करून रडवेली झालेली. कडू नव्हती, म्हणून कडू नाही म्हटलं. त्यावर आणखी आंबट आहे म्हणू? बिचारी तिथंच मटकन बसली असती."

आणि तेवढ्यात गटकन आवाज झाला. शिष्येने पाणी गिळले होते.

"आंबट?" ती म्हणाली. "कडू नाही?"

"कडू कशी होईल?" शेटजी म्हणाले. "कडू व्हायला आधी कॉफी पाण्यात उतरायला हवी. हे तर कॉफीवरून वाहून आलेलं पाणी."

ती धावत आत गेली आणि गाळणीतला चोथा बोटांत चोळून पाहिला. लापशीच्या रव्याइतका जाड. असल्या दळणातून पाणी थांबतच नाही. वरवरचा आंबटपणा घेऊन धावत सुटते. इतके दिवस ती नसलेल्या कडवटपणापासून दूर पळत होती, आणि आंबटपणाच्या अंगणात जाऊन उभी राहिली होती.

वृद्ध तिच्या मागे आले. "आजोबा, मी सारखी विचारत होते की लोकांना," ती म्हणाली.

"विचारत नव्हतीस, सांगत होतीस," वृद्ध शांतपणे म्हणाले. "तू कप पुढे करण्याआधीच निकाल देत होतीस. मग समोरच्या माणसाला चव घ्यायला उसंत कुठली? त्याचं सगळं लक्ष तुझं समाधान करण्यात. त्याने कॉफी चाखलीच नाही, तुझी भीती चाखली आणि ती गोड करून परत दिली. तुला वाटतं की तू नम्र आहेस. पण बाळ, कुणी काही म्हणायच्या आत आपणच आपल्याला नाव ठेवणं म्हणजे नम्रता नव्हे. दुसऱ्याला बोलू न देणं ते. भीती वाटते, ती वाटू दे. मलाही नव्या माणसापुढे अजून वाटते. फक्त त्याचा घोट होईपर्यंत थांब."

तिने ग्राइंडर पुढे ओढला, घट्ट केला आणि ती नव्याने दळायला बसली. बाहेरून शेटजींचा आवाज आला, "आणखी एक प्यावी लागणार का? मग चिवडा तरी आणा."

दुसऱ्यांदा कप आले तेव्हा तिच्या तोंडात पाणी नव्हते. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. तिने ओढणीचे टोक मुठीत धरले आणि ती उभी राहिली. शेटजींनी घोट घेतला, चूळ भरावी तसा तोंडात फिरवला, गिळला.

"आंबट नाही," ते म्हणाले. "आता मात्र जराशी कडवट आहे."

मावशींनी घाबरून मुलीकडे पाहिले. वृद्धांनी पाहिले नाही.

"किती?" मुलीने विचारले.

"म्हणजे?"

"म्हणजे किती कडवट? पहिल्यांदा लागते की गिळल्यावर मागे राहते?"

इतकी वर्षे जिभेवर मसाले पारखणाऱ्या शेटजींना असा प्रश्न कॉफीबद्दल कुणी केला नव्हता. ते सावरून बसले. "थांब, बघून सांगतो," म्हणत त्यांनी आणखी एक घोट घेतला. "मागे राहते. नाही, थांब." पुन्हा एक. "मावशी, तुम्ही बघा बरं, मेथीसारखी वाटते का?" मावशींनी घोट घेतला आणि त्यांना ती मेथीपेक्षा भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी वाटली. शेटजींना ते मुळीच पटले नाही. वाद मिटवायला दोघांनी पुन्हा एकेक घोट घेतला, आणि मग त्यावर मत देण्यासाठी शेटजींनी कप तोंडाला लावला, तर तो रिकामा होता.