वरच्या मजल्यावरची फ्लोरिन

एक होतं मूलद्रव्यांचं नगर. तिथल्या सतराव्या गल्लीत एक माडी होती, बरं का. वरच्या मजल्यावर राहायची इवलीशी फ्लोरिन आणि तिच्याखाली तिची धिप्पाड क्लोरिनताई. राजाचा नियमच होता, की इलेक्ट्रॉन ओढण्यात जी सगळ्यांत पुढे, तिलाच वरचा मजला. फ्लोरिनचा उभा जन्म तिथंच गेला होता.

एकदा काय झालं, राजाला आली लहर. म्हणाला, परीक्षा घेऊ, हरेल तिनं खाली राहावं. मग त्यानं दोघींच्या दारी एकेक सुटा इलेक्ट्रॉन धाडला. त्या नगराची रीत अशी, की असा पाहुणा आत घेतला की घरातून ऊब बाहेर पडते. मग शिपायांनी दारात पाण्याची घंगाळं मांडली, कुणाचं जास्त तापतं ते बघायला.

ताईचं घर ऐसपैस. पाहुणा आला, मजेत टेकला, पाणी चांगलं कढत झालं. फ्लोरिनच्या एवढ्याशा ओटीवर आधीच सात इलेक्ट्रॉन दाटीवाटीनं बसलेले. त्यांनी नव्याला ढकललंच. बसला कसाबसा, पण बरीचशी ऊब गेली त्या धक्काबुक्कीत. पाणी तापलं, पण ताईच्यापेक्षा कमी. झालं, सुटला हुकूम, फ्लोरिन खाली!

फ्लोरिनला फार वाईट वाटलं. पण तुमच्यासारखी रडूबाई नव्हती हो ती. तडक दरबारात गेली.

"महाराज, पाहुणा घेताना किती ऊब सुटते ते तुम्ही मोजलंत. त्यात ताईच पुढे. पण ओढायला समोर कुणीतरी लागतं, आणि मधे दोघांची मिळून इलेक्ट्रॉनांची एक जोडी. तशी परीक्षा घेऊन बघा."

मग आधी आली हायड्रोजन. दोघींनी आपापला एकेक इलेक्ट्रॉन मधे ठेवला. दोघींत मिळून एक गोधडी घेतो ना, तसं. जोडी सरकली फ्लोरिनकडे. मग आला दांडगा ऑक्सिजन, त्याचीही तीच गत. मग खुद्द ताई उभी राहिली. टाच रोवली, दातओठ खाल्ले, तरी जोडी गेली फ्लोरिनकडेच! इवली म्हणूनच तर तिचं काळीज जोडीच्या अगदी जवळ, आणि ओढ जबर.

राजा घंगाळ घेऊन धावला, मोजतो म्हणाला. तेव्हा ताईच हसली.

"हे घंगाळात मावत नाही, महाराज. दोघांत जास्त कोण ओढतं, एवढंच बघायचं. मी हरले. वरचा मजला माझ्या फ्लोरिनचाच."

राजा वरमला. ऊब देण्यात क्लोरिन पहिली आणि ओढण्यात फ्लोरिन, अशी त्यानं दवंडी पिटवली. मग दोघी बहिणी आपापल्या मजल्यावर सुखानं नांदल्या. झाली गोष्ट. मिटा डोळे, आता चकार शब्द नको.