पहिल्या बाकावरचा अभ्यासक

एकदा एक शिष्य वैतागून आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. बॉम्बस्फोटाच्या खटल्यात न्यायालयातली माणसे कशी वागतात, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. रोज तिथे बसून पाहायचे आणि लिहायचे, ही पद्धत. पण कधी साक्षीदार आजारी, कधी वकील गैरहजर, नाहीतर नुसती पुढची तारीख. त्यात आरोपींचे आणि मृतांचे नातेवाईक तोंड उघडायला तयार नाहीत.

"गुरुजी, आता मी लिहूनच टाकतो," तो म्हणाला. "आरोपींची माणसे काहीतरी लपवतात, म्हणून गप्प असतात."

"लिहून टाकतोस? उद्या तेच वाक्य कुणीतरी त्यांच्या तोंडावर फेकेल," गुरू वैतागले. "थांब. मी येतो."

दुसऱ्या दिवशी गुरू न्यायालयात आले आणि शिष्याला ओळखही न दाखवता शेवटच्या बाकावर बसले. शिष्य नेहमीप्रमाणे पुढे, तपास अधिकाऱ्यांशेजारी. तिथे पंखा होता आणि स्पष्ट ऐकू येई. गुरूंनी ओळख न दाखवल्याने तो चांगलाच दुखावला.

जेवणाच्या सुट्टीत गुरूंनी एका आरोपीच्या म्हाताऱ्या वडिलांना विचारले, "पुढे बसतो तो तरुण कोण हो?"

"पोलिसांचा माणूस. त्याच्यासमोर आम्ही बोलत नाही."

मग स्फोटात नवरा गमावलेल्या बाईंना विचारले.

"तो होय? आरोपींच्या वकिलांचा. रोज त्यांच्याबरोबरच चहा पितो."

गुरूंनी शिष्याला बाहेर नेऊन दोन्ही उत्तरे ऐकवली. "अभ्यासकांना ही खोडच असते. आपण कुणाला दिसत नाही, असे वाटते. अरे, इतके दिवस तेही तुला पाहत होते. तू कुठे बसतोस, कुणाबरोबर चहा घेतोस, यावरून त्यांनी तुझा पक्ष ठरवला. ते तुझ्यामुळे गप्प, आणि दोष त्यांच्या माथी? प्रबंधात आधी तुझी जागा लिही. आता जा, तू कोण ते सांग."

ओशाळलेला शिष्य मागच्या बाकाशी गेला. आपण विद्यार्थी आहोत, कुणाच्याच बाजूचे नाही, हे त्याने सांगितले. म्हाताऱ्याने मागोमाग आलेल्या गुरूंकडे पाहिले. "माझाच शिष्य," म्हणत त्यांनी मान डोलावली.

"मग बाळा, एवढं सांग," म्हातारा म्हणाला. "आम्हाला मागं काही ऐकू येत नाही, अन् वकीलसाहेब सगळं इंग्रजीत बोलतात. माझ्या मुलाबद्दल आज काय म्हणाले?"

शिष्य त्याच्या शेजारी बसला आणि सकाळपासून ऐकलेले मराठीत सांगू लागला. लपवण्याबद्दलचे ते वाक्य त्याने कधीच लिहिले नाही.