गोजरामावशीचं उघडं दार

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका लहानशा गावात एक सुईण राहत होती. तिचं नाव गोजरा. सगळे तिला गोजरामावशी म्हणायचे. तिचा नवरा सुभाना अंगणात बसून दोर वळायचा. घरात चूल, चार भांडी, दोन कांबळी, एवढाच संसार होता. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची बहुतेक पोरं गोजरामावशीच्या हातांवरच जन्मली होती. कुणी बोलवायला आलं की ती पदर खोचायची आणि निघायची.

एकदा त्या देशाची राणी माहेरी जायला निघाली होती. वाटेत, या गावाजवळच तिला कळा सुरू झाल्या. बाळ पायाळू होतं. बरोबरच्या दासी घाबरून रडू लागल्या. गोजरामावशीला बोलावणं गेलं. तिनं शांतपणे, न घाबरता राणीची सुटका केली. आई आणि बाळ दोघंही सुखरूप राहिली.

राजाला फार आनंद झाला. त्यानं गोजरामावशीकडे गाड्या भरभरून सामान पाठवलं. शिसवी पलंग, तांब्याचे हंडे, चांदीच्या समया, बेल्जियमचे आरसे, शालींनी भरलेल्या पेट्या! सारा गाव बघायला लोटला. पलंग दारातून आत जाईना, म्हणून दाराशेजारची भिंत फोडून पुन्हा बांधावी लागली. गोजरामावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "अहो, आपलं नशीब उघडलं हो!"

सुभानाही खूश झाला.

पण हळूहळू दिवस बदलले. हंडे काळे पडू लागले, म्हणून गोजरामावशी सकाळपासून चिंच घेऊन ते घासत बसे. शालींना कसर लागू नये म्हणून त्या उन्हात घालायच्या, आणि उन्हात घातल्या की राखत बसायचं. घरात मावेनात ती भांडी अंगणात आली, तेव्हा सुभानाला दोर वळायला जागा उरली नाही. त्यात शेजारच्या गावात दरोडा पडल्याची बातमी आली. सुभाना दाराला आडवा पडून झोपू लागला. पलंगावर कुणीच झोपत नव्हतं, त्यावर पेट्या रचल्या होत्या.

कुणी बोलवायला आलं की गोजरामावशी आता विचारायची, "किती लांब आहे? परत यायला वेळ लागेल का?" लांबचं असलं तर म्हणायची, "दुसरी कुणी मिळते का बघा बाबा. घर टाकून यायची सोय नाही." लोक माघारी फिरायचे. हळूहळू ते यायचेही थांबले.

एके दिवशी सुभाना बहिणीकडे बारशाला गेला होता. भर दुपारी डोंगरावरच्या धनगरवाड्यातला बिरू धावत आला. धाप लागून त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

"मावशी, माझ्या बायकोला, लगमाला, पहाटेपासून कळा येतायत. बाळ आडवं आलंय, असं आमची म्हातारी म्हणते. चला लवकर!"

"अरे, पण घरात मी एकटीच आहे. पलीकडच्या गावच्या सुईणीला विचारलंस का?"

"तिकडूनच आलो. ती तापानं फणफणलीय."

गोजरामावशी उठली. तिनं नवं भलंमोठं कुलूप काढलं आणि दाराला लावू लागली. पण भिंत फोडल्यापासून चौकट तिरकी झाली होती. कडी कोयंड्यात बसेना. तिनं दार रेटलं, उचललं, पुन्हा रेटलं. घामानं हात निसटू लागले. "थांब हं, झालंच," ती म्हणत राहिली.

बिरू हळूच म्हणाला, "मावशी, मी होतो पुढं. ती घाबरली असंल. निदान मी तरी जवळ असलो म्हणजे बरं."

आणि तो वळून चालू लागला. रागावला नाही, गयावया केली नाही. आपल्या दारात आलेला माणूस असा रिकाम्या हातानं परत चाललाय, हे गोजरामावशीला बघवेना. तिनं कुलूप तिथंच टाकलं, दार सताड उघडं सोडलं आणि हाक मारली, "बिरू, थांब! आले मी!"

चढणीवर सुरुवातीला तिला राहून राहून घर आठवत होतं. कोण शिरलं असेल? काय उचललं असेल? पण झोपडीत पाय टाकला, लगमाचा घामेजलेला चेहरा पाहिला, आणि बाकी सगळं मागं पडलं. तिनं लगमाच्या पोटावर हात ठेवला. कुठं दाबायचं, कुठं सोडायचं, हातांना सगळं आठवत होतं.

"घाबरू नकोस पोरी. माझ्याकडे बघ. मी म्हणेन तेव्हाच जोर कर."

बराच वेळ गेला. एकदा तर लगमाचे डोळे पांढरे झाले आणि म्हातारीनं देवाचा धावा सुरू केला. पण गोजरामावशीनं हात काढला नाही. दिवस कलता कलता बाळ फिरलं, बाहेर आलं आणि थोड्या वेळानं मोठ्यानं रडलं. मुलगी होती. बाहेर उभा असलेला बिरू हसता हसता रडू लागला.

त्या रात्री गोजरामावशी तिथंच, बाळंतिणीच्या उशाशी घोंगडीवर झोपली. कित्येक महिन्यांनी तिला अशी गाढ झोप लागली.

सकाळी डोंगर उतरताना तिला घराची आठवण झाली. भराभर पावलं टाकत ती अंगणात शिरली. दार तसंच उघडं होतं. आत गेली. हंडे जागच्या जागी. समया तशाच. पेट्यांना कुणी हातही लावला नव्हता.

ते बघून गोजरामावशीला हायसं वाटायला हवं होतं. पण ती भिंतीला टेकून बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

एवढ्यात सुभाना परतला. तिला रडताना बघून तो दचकला. "काय झालं? चोरी झाली का?"

"नाही हो. सगळं आहे."

"मग रडतेस कशाला?"

"येताना वाटत होतं, सगळं गेलं असेल. भीती वाटत होती, पण आतून मोकळंही वाटत होतं. आणि आता बघते तर सगळं इथंच!"

सुभाना एकदम हसू लागला. "अगं, मीही तिकडे बहिणीकडे किती झोपलो म्हणून सांगू! परत यायला पायच उचलत नव्हते."

दोघंही पोटभर हसली.

"पण राजानं मानानं दिलंय," सुभाना म्हणाला. "त्याचा अपमान नको व्हायला."

"माझ्या कामासाठी दिलंय ना? मग कामालाच लावू."

एक हंडा धनगरवाड्यावर गेला, बाळंतिणीचं पाणी तापवायला. इतर काही वाड्यावस्त्यांवर पोहोचले. शाली नव्या बाळांच्या अंगावर आल्या. समया देवळात लागल्या. पलंग धर्मशाळेत आजारी वाटसरूंसाठी ठेवला. गोजरामावशीनं स्वतःला एक हंडा आणि थंडीपुरत्या दोन शाली ठेवल्या. कारण तेवढं लागत होतं.

राणीच्या कानावर हे गेलं तेव्हा तिनं पुन्हा एक गाडी पाठवली. या वेळी गाडीत मऊ जुन्या लुगड्यांची गाठोडी होती, बाळांना गुंडाळायला. ती बघून गोजरामावशीला इतका आनंद झाला की गाडीवानाला तिनं जेवल्याशिवाय जाऊच दिलं नाही.

या कथेतून घ्यायचं तात्पर्य: ज्या वस्तू आपल्या कामाला येतात तेवढ्याच आपल्या, ज्यांच्या राखणीत आपलं कामच सुटतं, त्या सोडून दिल्या की मन मोकळं होतं.