पिवळ्या माशाचे नाव

एका खाडीच्या काठी, खारफुटीच्या मुळांखाली बीळ करून एक पाणमांजरी राहत असे. तिला तीन पिल्ले होती. खाडीतला कुठलाही मासा ती नुसत्या पाण्याच्या हालचालीवरून ओळखी. बोय कशी पळते, शेंगटीच्या काट्याला कसे जपायचे, हे सारे तिला तिच्या आईने शिकवले होते आणि आता ती ते पिल्लांना शिकवत होती. पिल्लांचे दूध नुकतेच सुटले होते. त्यांची भूक म्हणाल, तर सकाळी खाल्लेले दुपारपर्यंतसुद्धा पुरत नसे.

एका वर्षी परतीचा पाऊस डोंगरात फार झाला आणि खाडी चहासारखी गढूळ झाली. पाण्यात स्वतःचा पंजा दिसेना, तिथे मासा कुठून दिसणार? दोन दिवस पाणमांजरीने काठावरचे शिंपले फोडून पिल्लांना कसेबसे जगवले. तिसऱ्या सकाळी सर्वांत धाकट्याला उठून उभे राहवेना. तेव्हा तिने त्याला तोंडात धरले, बाकीच्या दोघांना मागे घेतले आणि ती समुद्रातल्या खडपावर आली. खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा काळा खडक. त्याच्या खळग्यांतून स्वच्छ पाणी साचून राहते आणि कपारींतून मासे लपतात. पाणमांजरी तिथे जन्मात पहिल्यांदाच येत होती.

खडपावरचे मासे भारी चपळ. ती झेपावली की ते कपारीत, आणि हिच्या नाकाला खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार. असे चार वेळा झाले. मग एका कडेला तिला एक पिवळाधमक मासा दिसला. अंग पेटीसारखे चौकोनी, त्यावर काळे ठिपके, ओठ पुढे काढलेले, आणि चाल अशी संथ की जणू जेवण करून फिरायला निघाला आहे. तिने त्याला अलगद धरले. त्याने पळायचा प्रयत्नही केला नाही. अंगाला खवले नव्हते आणि हाताला तो लाकडासारखा टणक लागत होता. असला मासा तिने कधी पाहिला नव्हता, आणि तिच्या आईनेही कधी सांगितला नव्हता. पण चौघांचे पोट भरेल एवढा तो नक्की होता. तिने तो ताजा राहावा म्हणून जवळच्या एका लहानशा खळग्यात सोडला आणि विचारायला कोणी दिसते का, म्हणून ती इकडेतिकडे पाहू लागली.

मुलांनो, त्या खडपावर एक जुनी रीत होती. कोणाला अनोळखी मासा मिळाला, तर जो त्याचे नाव सांगेल त्याला डोक्याकडचा तुकडा द्यायचा. रीत तशी चांगल्या मनाने घातलेली होती. नव्याने आलेल्याला मदत व्हावी आणि जाणत्याचा मान राहावा, एवढाच तिचा हेतू. पण झाले काय, की ज्यांना काही ठाऊक नव्हते त्यांनाही नावे सुचू लागली.

पहिला आला कावळा. त्याने मान वाकडी करून खळग्यात पाहिले आणि क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, की ही तांबोशीची जात आहे. तांबोशी तांबडी असते एवढे पाणमांजरीला माहीत होते, म्हणून ती घुटमळली. पण कावळ्याकडे त्याचेही उत्तर तयार होते. लहानपणी त्या पिवळ्याच असतात, म्हणे. एवढे बोलून तो डोक्याच्या बाजूला जाऊन बसलादेखील.

तेवढ्यात बगळा एकेक पाय मोजून टाकत आला. त्याला घाई कसलीच नव्हती. त्याने डोळे मिटले, उघडले आणि हा खोल पाण्यातला हेकरू आहे, असा निकाल दिला. त्याचे आजोबा म्हणे असे हेकरू रोज न्याहारीला खात. कावळ्याला हे पटले नाही आणि बगळ्याला कावळा पटला नाही. दोघे बराच वेळ हुज्जत घालत होते. शेवटी डोक्याचा तुकडा अर्धा-अर्धा घ्यायचा, असे ठरले, आणि मग मात्र दोन्ही जाणकारांचे मत एकच झाले. मासा उत्तम आहे आणि तो लगेच खावा, हे ते मत.

पाणमांजरीचा जीव भांड्यात पडला. नाव काही का असेना, दोघेही खायचाच मासा म्हणत होते. तिकडे भरती लागायची वेळ जवळ येत चालली होती आणि धाकटे पिल्लू डोळे मिटून पडले होते. तिने खळग्यात हात घातला.

"पोरी, मला हा मासा ओळखता येत नाही," खळग्याच्या कडेच्या भेगेतून आवाज आला.

तिथे एक म्हातारा खेकडा राहत होता. त्याला एकच नांगी होती आणि त्याच्या पाठीवर शेवाळ चढले होते. त्या खडपावर त्याच्याइतके वय कोणाचेच नव्हते. कावळा खो खो हसला. विचारलेय कोणी याला, असे बगळाही पुटपुटला. पाणमांजरीला तर रागच आला. पोरे उपाशी असलेल्या आईला कोणी मध्येच थांबवले, तर राग येणारच.

"ओळखता येत नाही, तर बोलता कशाला, आजोबा?" ती म्हणाली.

"ओळखता येत नाही म्हणूनच बोलतोय," खेकडा म्हणाला. "डोक्याचा तुकडा मलाही चालला असता. एका नांगीने आताशा काही मिळत नाही. पण इतकी वर्षं इथे काढून जो मासा मी पाहिला नाही, त्याचं नाव कुठून आणू? फक्त त्याची शेपटी तेवढी बघ."

तिने नाइलाजाने पाहिले. शेपटीला काहीच झालेले नव्हते. पोहायचे परसुद्धा अखंड होते.

"या खडपावर सगळेच भुकेले," खेकडा शांतपणे सांगत होता. "इथल्या पळणाऱ्या माशालाही कुठे ना कुठे चावा बसलेला असतो. हा तर इतका संथ, वरून असा पिवळा, दुरून दिसणारा. तरी एवढा मोठा होईपर्यंत याला कोणी तोंड लावलं नाही. का लावलं नाही, ते मला ठाऊक नाही. आणि तुलाही ठाऊक नाही."

पाणमांजरीचा हात पाण्यातच थांबला. मग तिचे लक्ष खळग्यातल्या पाण्याकडे गेले. मासा सोडला तेव्हा त्या पाण्यात नखाएवढ्या मासोळ्या सुळसुळत होत्या. आता त्या सगळ्या पोट वर करून तरंगत होत्या. मघापासून शेजारी भांडणाऱ्या दोन जाणकारांपैकी एकाचेही तिकडे लक्ष गेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर तिचेही गेले नव्हते.

तिने झटकन हात बाहेर काढला आणि वाळूत घासघासून पुसला. ज्या घासाने तिन्ही पिल्ले वाचणार होती, त्याच घासाने ती गेली असती. हा विचार मनात येताच ती पिल्लांकडे वळली. तिने पिल्लांना एकदा हुंगून पाहिले, तिघांनाही. मग शेवाळाच्या एका लांब पात्यात गुंडाळून तिने तो मासा उचलला आणि त्याला दूर समुद्रात सोडून दिले. तो आला होता तसाच, निवांत निघून गेला. बगळ्याला अचानक दुसरे काम आठवले. कावळा हातची मेजवानी गेली म्हणून कुरकुरत उडाला. त्या दिवशी त्याचाही जीव वाचला होता, पण ते त्याला कधीच कळले नाही.

आता मात्र पाणमांजरी अगदी रडकुंडीला आली. विष टळले, पण भूक तिथेच होती, आणि पहिली लाट खडपाच्या कडेला लागली होती.

खेकडा भेगेतून थोडा बाहेर आला. समोरच्या मोठ्या कपारीत एक जाडजूड, सापासारखी लांब वाम मासळी राहते, असे त्याने तिला सांगितले. ती कपारीच्या डाव्या तोंडाने बाहेर येते, म्हणून उजवीकडून हुसकावायची. मानेमागेच धरायची, नाहीतर उलटून चावते.

"या वामीची तुम्हाला खात्री आहे का, आजोबा?" पाणमांजरीने भीतभीत विचारले.

"हिची आहे," खेकडा म्हणाला. "माझी दुसरी नांगी हिनेच नेली."

त्याने सांगितले तसेच तिने केले, आणि पाणी चढण्यापूर्वी वाम खडपावर होती. धाकट्याला तिने आधी चावून मऊ केलेला घास दिला. दोन घास पोटात जाताच त्याने डोळे उघडले आणि तिसऱ्यासाठी भावाला ढकलले. ते पाहून त्या आईला किती बरे वाटले असेल, ते तुम्ही घरी आपापल्या आईला विचारा.

मग तिने वामीचा डोक्याकडचा तुकडा तोडला आणि तो अगदी भेगेच्या तोंडाशी नेऊन ठेवला.

खेकडा म्हणाला, "वामीचं नाव सांगितलं म्हणून का? ते तर इथे पोरंसोरंही सांगतील."

"वामीचं नव्हे, आजोबा," पाणमांजरी म्हणाली. "त्या पिवळ्याचं नाव तुम्ही सांगितलं नाहीत, त्याचा हा तुकडा. तुम्ही भुकेले असून सांगितलं नाहीत. माझी तिन्ही पोरं आज तुमची आहेत."

खेकड्याने एका नांगीने तुकडा आत ओढून घेतला, आणि खूप दिवसांनी तो पोटभर जेवला.

पुढे खाडी निवळली, तरी पाणमांजरी दर चार दिवसांनी ओहोटीला खडपावर येई आणि मिळालेल्या माशाचे डोके भेगेपाशी ठेवून जाई. कावळ्याने ते पाहून ठेवले. एकदा तिने साधी बोय धरून आणली, तेव्हा तो समोर येऊन बसला आणि हा कोणता मासा, ते आपल्याला मुळीच ओळखता येत नाही, असे मोठ्या नम्रपणे म्हणाला. पाणमांजरीने त्याला शेपटी दिली. तिला हसू आवरत नव्हते.

पिल्ले मोठी झाली आणि त्यांनाही पिल्ले झाली. त्यांनी कधी विचारले, की आजी, त्या पिवळ्या माशाचे नाव काय होते, तर ती सांगे, "मला माहीत नाही. ज्यांनी मला हे बोलायला शिकवलं, त्यांच्यामुळे तुम्ही आहात."

तात्पर्य : स्वतःचा लाभ सोडून जो ‘मला माहीत नाही’ असे खरे सांगतो, तो दुसऱ्याचा जीव वाचवतो; त्याचे उपकार कधी विसरू नयेत.