येसूची बंदूक

गावोगावी बंदुका नव्यानेच आल्या होत्या, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका राज्यात बारा गावांना मिळून एकच तलाव होता. पाटाचं पाणी पहिल्यांदा कोणत्या गावाने घ्यायचं, हे दर तीन वर्षांनी नेमबाजीवर ठरे. शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचेतो पाट सुकत आलेला असे. येसूचं गाव कायम शेवटचं.

येसू मेंढ्या राखायची. तिच्याकडे हरभऱ्याएवढ्या गोळीची एक हलकी बंदूक होती. पिकावरची पाखरं उठवायला ती बरी, पण नेमबाजीला ती घेऊन जाणार म्हटल्यावर लोक हसले.

पाटील म्हणाले, "येसू, पाखरांच्या बंदुकीने पाणी आणणार होय?"

"दुसरं कोण जातंय, पाटील?" तिने विचारलं. आणि खरंच, गावातून दुसरं कोणीच जात नव्हतं.

जत्रेत दूरदेशीचे कारागीर आले होते. त्यांच्या पथारीवर बंदुकीचे सुटे भाग मांडलेले. येसूने दोन नवी घोंगडी देऊन लांब नळी घेतली, खांद्याला टेकवायचा नक्षीचा दस्ता घेतला, मऊ चालणारा चाप घेतला आणि नळीच्या टोकाला बसवायची, नेम धरायची पितळी माशीही घेतली. एका दुपारीच तिने सगळं जुनं काढून नवं चढवलं. बंदूक नव्या नवरीसारखी दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने भोपळ्यावर दहा गोळ्या झाडल्या. एकही लागली नाही.

रडवेली येसू दौलू लोहाराकडे गेली. म्हाताऱ्याने बंदूक हातात फिरवून पाहिली.

"पोरी, आधी हिचं काय बिघडलं होतं?"

"नेम चुकायचा, मामा."

"कुठे चुकायचा? वर, खाली, कुणीकडे?"

येसूला सांगता येईना. तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"मग औषध कशावर घेतलंस?" दौलूमामा म्हणाला. "जुने भाग लावून बंदूक पुन्हा जुळव. मातीच्या भिंतीवर गोळ्या झाड. चुकलेली गोळी कुठे जाते, ते आधी बघ. मग एक भाग बदल. फरक पडला तर ठेव, नाही तर काढ."

येसूने भिंतीवर कोळशाने ठिपका काढला. वीस गोळ्या झाडल्या. सगळी भोकं ठिपक्याच्या डावीकडे, जरा खाली, पण मुठीएवढ्या जागेत! म्हणजे नळी खरी होती. चाप घट्ट होता, तो ओढताना तिचाच हात हलत होता.

तिने फक्त चाप बदलला. भोकं ठिपक्याजवळ सरकली. मग पितळी माशी बसवली. ती उन्हात चमकून डोळे दिपवी, म्हणून धुरावर काळी केली. भोकं ठिपक्यावर आली. लांब नळी लावताच मात्र गोळ्या चहूकडे पांगल्या, म्हणून तिने ती उतरवली. नक्षीचा दस्ता तिच्या आखूड हातांना जड पडे; तोही गेला.

नेमबाजीच्या दिवशी दोरीला टांगलेले नारळ वाऱ्यावर झुलत होते. संध्याकाळपर्यंत दोघंच उरले, येसू आणि तलावाकाठच्या गावचा धिप्पाड शिकारी. राजाने शेवटची अट घातली, "नारळ नको. दोरी तोडा."

शिकाऱ्याची गोळी दोरीला घासून गेली. नारळ नुसता गिरकी घेऊ लागला.

येसूने दस्ता गालाशी धरला. दोरी काळ्या माशीच्या मागे आली, गेली, पुन्हा आली. तिने श्वास रोखला आणि चाप दाबला.

दोरी तुटली. नारळ धप्पकन जमिनीवर पडला, आणि शेवटच्या गावाची माणसं अशी ओरडली की मैदानाकडेला चरणाऱ्या मेंढ्या उधळल्या. पाटलांनी पागोटं हवेत फेकलं.

राजाने बंदूक मागून घेतली. "हिच्यात बदललंय काय?"

"दोनच गोष्टी, महाराज."

"दोनच?"

"हो. पण त्या दोन कोणत्या, हे शोधायला दीड महिना लागला."

राजा मोठ्याने हसला आणि त्याने पहिल्या पाळीची आज्ञा दिली. चौथ्या दिवशी पाट दुथडी भरून वाहत आला. येसू गुडघाभर पाण्यात उभी राहिली, आणि तिच्या पुढून पाणी एकेका शेतात शिरत गेलं.

तात्पर्य : खोट कुठे आहे हे आधी ओळखावं, आणि मग तेवढीच दुरुस्त करावी.