पिवळ्या डागांची पोथी

छापखाने अजून यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात पोथ्या उतरवून देणारा एक लेखनिक राहत होता. लांबलांबची माणसं जुनी पोथी घेऊन त्याच्याकडे येत आणि तिची नवी प्रत घेऊन जात. लिहिताना एखादं अक्षर चुकलं, तर इतर लेखनिक त्यावर हरताळ फासत. म्हणजे पिवळा दगड उगाळून त्याचा लेप लावत आणि तो वाळला की वर बरोबर अक्षर लिहीत. या घराची रीत मात्र कडक होती. चूक झाली की अख्खं पान रद्द. तीन पिढ्यांत या घरच्या पोथीवर पिवळा ठिपका कुणी पाहिला नव्हता, आणि घराला त्याचा केवढा तोरा होता!

लेखनिकाची बायको लवकर गेली. मागे एक मुलगी राहिली. बापाने तिच्या हाती बोरू दिला आणि ती पंचविशीला येईतो तिचं अक्षर बापाहून सरस झालं. पुढे बापाची नजर गेली, तसं सगळं काम तिच्या अंगावर पडलं.

एका वर्षी दिवाळीनंतर म्हाताऱ्याने अंथरूण धरलं. वैद्याने नाडी पाहिली आणि मुलीला बाहेर बोलावून सांगितलं, "होळी पाहिली तर देवाची कृपा समज."

त्याच संध्याकाळी बापाने तिला जवळ बसवलं.

"पोरी, तुझी आई तुला झोपवताना एक गोष्ट सांगायची. नावाडिणीची. मी पलीकडे पोथीत मान घालून बसलेला असायचो. इतकी वर्षं तिचा आवाज कानावर पडत होता, पण गोष्ट मी एकदाही ऐकली नाही. तेवढी लिहून मला वाचून दाखव."

मुलगी म्हणाली, "अप्पा, मला फक्त सुरुवात आठवते. एका नावाडिणीची नदी एके दिवशी गाव सोडून निघून जाते, आणि ती होडी डोक्यावर घेऊन नदीला शोधायला निघते. पुढे मला रोज झोप लागायची."

"मग पुढचं तू रच."

"समोर मूळ प्रत नसताना कसं लिहायचं, अप्पा?"

"मूळ प्रत या खेपेला तुलाच करायची आहे," बाप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती लिहायला बसली. जन्मभर दुसऱ्याचे शब्द उतरवले होते, आता स्वतःचा एक शब्दही धड वाटेना. पहिलं वाक्य लिहिलं, ते फिकं वाटलं. घरच्या रीतीप्रमाणे पान रद्द झालं आणि टोपलीत पडलं. दुसऱ्या पानावर नदी पहाटे गेली, तिसऱ्यावर भर दुपारी. एका पानावर नावाडीण म्हातारी होती, तर दुसऱ्यावर नवी नवरी. मग तिला वाटलं, दोष कागदाचा आहे. कागद घोटून गुळगुळीत केला. शाई नवी केली, बोरू नवे तासले. गोष्ट सोडून बाकी सगळ्याची जय्यत तयारी झाली.

दुपारी ती धुणं घेऊन नदीवर जाई, तेव्हा शेजारचे पुराणिकबुवा अप्पांच्या सोबतीला येऊन बसत. परत येऊन पाहावं तर टोपली रिकामी. बुवांनी कागद चुलीत सारले असतील, असं समजून ती पुन्हा लिहायला बसे.

रोज संध्याकाळी बाप विचारी, "झालं असेल तेवढं वाचतेस?"

"एक पान तरी निर्दोष होऊ दे, अप्पा."



माघ सरत आला. एका संध्याकाळी बापाने तिचं मनगट धरलं. हाताला जोर राहिला नव्हता. "आज वाच, पोरी. चुकलेलं असलं तरी चालेल."

तिने समोरच्या पानाकडे पाहिलं. मधल्या ओळीत एक शब्द चुकला होता आणि शेवट तर तिला मुळीच पटला नव्हता. असलं पान वाचायची तिला लाज वाटली. तिने ते पालथं घातलं.

"उद्या, अप्पा. उद्या नक्की."

सकाळी उठून तिने ते पान पुन्हा लिहिलं. एकही खोट नाही, एकही खाडाखोड नाही. पान हातात घेऊन ती धावतच अप्पांच्या अंथरुणाशी गेली. अप्पा गेले होते.

तेरावा झाल्यावर पुराणिकबुवा एक गाठोडं घेऊन आले. पोथी बांधायच्या लाल रुमालात त्यांनी पानं बांधली होती. मुलीने गाठ सोडली. तिचीच टाकलेली पानं होती, एकेक हाताने सरळ केलेलं.

"तू नदीवर गेलीस की अप्पा मला टोपली जवळ आणायला लावायचे आणि चाचपून पानं काढायचे," बुवा म्हणाले. "मी वाचायचो, ते ऐकायचे. ती बाई होडी डोक्यावर उलटी घेऊन बाजारातून जाते आणि लोक तिला विचारतात, छप्पर केवढ्याला दिलंत? त्या ठिकाणी पोट धरून हसले बघ. नेमकं तिथेच तू पान टाकलं होतंस. दर पानाच्या शेवटी मला विचारायचे, बुवा, पुढे काय झालं? मी काय सांगणार?"

"मला का नाही सांगितलंत?"

"मी म्हटलं होतं, सांगतो म्हणून. तर म्हणाले, चुकलेली पानं कुणी ऐकतंय हे कळलं, तर ती तेवढीसुद्धा लिहायची नाही."

ती हमसून हमसून रडली. एक माणूस रोज तिची गोष्ट मागत होता आणि ती रोज त्याला कोरा कागद दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी त्या घरात पहिल्यांदा हरताळ उगाळला गेला. तिने बाजाराचं पान वर घेतलं आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे लिहायला लागली. अक्षर चुकलं की लेप लावी आणि पुढे जाई. प्रसंग फसला की काट मारी, पण पान फेकत नसे. होळीच्या आदल्या दिवशी गोष्ट पुरी झाली. पानं पाहिली असती तर आजोबांनी डोक्याला हात लावला असता, इतकी ती पिवळी झाली होती.

अप्पांची बैठक समोर मांडून तिने ती मोठ्याने वाचली. पुराणिकबुवा बाजूला बसले होते. नावाडिणीला नदी सापडली, ती दूर परक्या मुलखात. कितीही विनवलं तरी नदी मागे फिरेना. तेव्हा नावाडिणीने होडी तिथेच पाण्यात सोडली आणि उतारूंना हाक मारली.

बुवा पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "पुढे काय झालं?"

"पुढचं उद्या लिहिते, बुवा," ती म्हणाली, आणि तिने खरोखरच लिहिलं.

पुढे तिच्याकडे मुलं-मुली लिहायला शिकायला येऊ लागली. त्यांना ती आधी ती पिवळी पोथी हातात देई. शेवटच्या पानाखाली एक स्वच्छ, बिनडागाचं पान बांधलेलं असे. ते कुणाला ऐकवायचं राहून गेलं, हे ती दर वेळी सांगे.

तात्पर्य: दुसऱ्याचं उतरवताना चूक टाळता येते, पण स्वतःची गोष्ट चुकतच सुरू होते, म्हणून ऐकणारा आहे तोवर ती लिहावी आणि त्याला ऐकवावी.