रुमालाखालचा भाव

“…आणि एवढं सगळं सांगूनही गिऱ्हाईक ‘महाग आहे’च म्हणालं, तर? मग काय बोलायचं, अप्पा?”

गुरलिंगअप्पा मठाच्या ओसरीवर उन्हाकडे पाठ करून शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“एवढं म्हणजे केवढं सांगतोस?”

“सगळं सांगतो. रोजच्या चहाच्या खर्चात बसतं म्हणतो. हप्ते समजावतो. कानापेक्षा पैसा मोठा आहे का, असं विचारतो. शेवटी सूट देतो. ‘महाग आहे’ या एका वाक्यावर माझ्याकडे डझनभर उत्तरं आहेत. तोंडपाठ.”

“मग तेरावं कशाला पाहिजे?”

अभिनंदन जरा चपापला.

गावात कानाची मशीनं विकणारं एकच दुकान होतं आणि अभिनंदन तिथला सेल्समन. पुण्याहून विक्रीचं शिक्षण घेऊन आलेला, बोलण्यात चतुर, आणि आपण चतुर आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. त्याचं प्रमाणपत्र दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी लावलेलं होतं. देवाची तसबीर थोडी लहानच होती.

अप्पांचं प्रमाणपत्र कुठंच नव्हतं. मठासमोरच्या माळावर बैलबाजार भरायचा, त्यात त्यांनी उभा जन्म दलाली केली. आता बाजारात बैलांपेक्षा मोटारसायकलीच जास्त दिसतात. अप्पा मठात झाडलोट करतात, दिवा लावतात. तरी गावातली दोन माणसं एका गोष्टीवर येईनाशी झाली की लोक अजून इथंच येतात. दुकानाच्या मालकानंच अभिनंदनला पिटाळलं होतं. ‘सोजरबाईचं काय चुकलं ते मला विचारू नकोस,’ मालक म्हणाला होता, ‘अप्पांना विचार.’

“कोण ही सोजरबाई?” अप्पांनी विचारलं.

“बसस्टँडजवळ नागनाथची रसवंती आहे ना, त्याची आई. कानानं बहिरी, मोठ्यानं ओरडलं तरच थोडंफार कळतं. परवा नागनाथ तिला घेऊन आला. मी मशीन कानात बसवलं, आणि त्याला म्हटलं, आता आईशी बोला.”

“मग?”

“तो म्हणाला, ‘आई, येतंय का ऐकू?’ म्हातारी बघतच राहिली त्याच्याकडे. मग हसली. म्हणाली, ‘आरं, तुझा आवाज तर पार तुझ्या बापासारखा झालाय की!’ तो मिसरूड फुटायच्या वयाचा असताना तिचे कान गेले होते, अप्पा. मोठेपणचा त्याचा आवाज तिनं कधी धड ऐकलाच नव्हता.”

अप्पांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“मला वाटलं, सौदा झाला. मशीन काढून ठेवलं आणि भाव सांगितला. तर म्हणाली, ‘महाग हाय, र्‍हाऊ दे.’ मी सूट दिली. तरी तेच. आणखी सूट दिली. भाव खाली येत गेला आणि बाई दाराकडे सरकत गेली. शेवटी मी असा आकडा सांगितला की मालकाच्या तोंडाला फेस यावा… तर ती पायरी उतरून गेलीसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी!”

आणि मग आवाज उतरवून तो म्हणाला, “मालक म्हणतात, असं हसून, तरी न घेता गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा कुठल्याच दुकानात जात नाही. बहिरीच राहणार ती.”

…

अप्पांनी हात झटकले. खांद्यावरचा रुमाल काढला, चांगला पंच्याएवढा रुमाल, आणि दोघांच्या मधे पसरला.

“हात आण.”

बाजारातली ही रीत अभिनंदननं ऐकली होती, पाहिली नव्हती. चारचौघांत बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नाही. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात एका रुमालाखाली. बोटं धरायची, दाबायची, सोडायची. वर हवापाण्याच्या गप्पा आणि खाली सौदा. ज्याला नको असेल त्यानं हात काढून घ्यायचा. हात आत आहे तोवर, तोंडानं कोण काय म्हणतो याला किंमत नाही.

“मी गिऱ्हाईक,” अप्पा म्हणाले. “मशीनचा भाव सांग. तोंड मिटून.”

अभिनंदननं रुमालाखाली अप्पांची बोटं धरली. हात खरबरीत होता आणि ऊबदार होता. त्यानं आकडा दाबला.

अप्पा माळाकडे बघत होते. त्यांनी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

…

माळावर एक कुत्रं उगाच एका कावळ्याच्या मागं लागलं होतं. अभिनंदनला काहीतरी बोलावंसं वाटू लागलं. बोलायची तर बंदी. शेवटी त्यानं धरलेलं एक बोट सोडलं.

अप्पा गप्पच.

त्यानं आणखी एक सोडलं.

“मी काय म्हणालो का तुला?” अप्पांनी विचारलं.

“नाही.”

“मग उतरलास का?”

“तुम्ही… गप्प होता.”

“दातात शेंगदाणा अडकला होता रे. तो काढत होतो.”

अभिनंदनला हसूही आलं आणि लाजही वाटली. अप्पांनी त्याचा हात सोडला नाही. तो उताणा केला आणि रुमालाच्या टोकानं त्याचा तळवा पुसला, एखाद्या लेकराचा पुसावा तसा.

“घाम आलाय. भितोस व्हय?”

“…भितो.”

हे त्यानं पुण्यात कुणाला सांगितलं नव्हतं. मालकालाही नाही. समोरच्यानं तोंड उघडलं की ते ‘महाग’ कधी म्हणेल, याच धाकात तो दिवसभर असायचा. म्हणून तर उत्तरं पाठ केली होती.

“भ्यायला हरकत न्हाई,” अप्पा म्हणाले. “हा रुमाल कशाला असतो, सांग बघू?”

“दुसऱ्या गिऱ्हाइकांना भाव कळू नये म्हणून.”

“ते तर हायच.”

“मग आणखी कशाला?”

“माणूस बैल घ्यायला येतो. संगट सासरा असतो, नाहीतर पोरगं असतं. बैल मनात भरतो, पर भाव पेलत न्हाई. मग काय करतो? गुमान हात काढून घेतो, आन् मोठ्यांदा म्हणतो, ‘शिंग वाकडं हाय.’ आम्ही समदे माना हलवतो. व्हय व्हय, वाकडंच हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. बैलाला काय, एक शिवी जास्त.”

अभिनंदन हसला. अप्पा हसले नाहीत.

“सोजरबाईला भाव कसा सांगितलास?”

“कसा म्हणजे? मोठ्यानं. मशीन काढलेलं होतं, तिला ऐकू कुठं येतं…”

बोलता बोलता त्याचं वाक्य तुटलं.

“दुकानात कोण कोण होतं?”

“चार-सहा गिऱ्हाइकं होती. शाळेतले हेडमास्तर होते. नागनाथच्या ओळखीचे कुणी… दोघं-तिघं त्याला रामराम करत होते.”

“आन् सूट?”

“तीही… ओरडूनच.”

“तवा पोरगं कुठं बघत होतं?”

अभिनंदनला आठवायला वेळ लागला नाही. “खाली. स्वतःच्या चपलांकडे.”

“आन् म्हातारी?”

“…त्याच्याकडे.”

“मग ते ‘महाग हाय’ तिनं कुणासाठी म्हटलं?”

…

ऊन सरकून अभिनंदनच्या तोंडावर आलं होतं. अप्पा उठले. त्यांनी तो रुमाल उचलला आणि त्याच्या डोक्यावरून अलगद पांघरला.

“आईनं लेकराला झाकलं रे,” ते म्हणाले. “तू ओढत बसलास.”

रुमालाच्या आत अभिनंदननं तोंड खाली घातलं. त्याला रडू आलं. बरं झालं, रुमाल होता.

“तेरावं उत्तर पाहिजे का अजून?”

“नको, अप्पा.”

“मग जा. नागनाथकडं रस पिऊन ये. रुमाल ने संगट.”

…

पुढच्या बाजारच्या दिवशी अभिनंदन परत आला. रुमाल त्याच्या खांद्यावर होता. या खेपेला तो आल्या आल्या बोलला नाही. अप्पांच्या शेजारी बसला आणि शेंगा फोडू लागला.

“पिलास का रस?” शेवटी अप्पांनीच विचारलं.

“प्यायलो. नागनाथनं ओळखलं मला. ग्लास आपटलाच समोर. म्हणाला, ‘बोला, आज आणखी किती सोडताय?’ वर्मावर बोट होतं. माझ्याकडे त्यावरही एक उत्तर होतं…”

“दिलंस?”

“गिळलं. गर्दी ओसरू दिली आणि फळीवर रुमाल पसरला. त्याचा बाप याच बाजारात यायचा म्हणे. त्यानं रुमालाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हात पुसले आणि आत घातला. मी भाव सांगितला. खरा, पूर्ण. एक बोटही सोडलं नाही.”

“मग?”

“म्हणाला, ‘महाग आहे.’”

अप्पांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“मी जीभ दातांखाली धरली, अप्पा. तो चरकाकडे बघत होता, मी चरकाच्या घुंगरांकडे. पण हात… हात त्यानं काढला नाही.”

“हं.”

“मग हळूच म्हणाला, ‘सीझन चालू आहे, थोडे थोडे करून फेडतो. पण आईला भाव कळू देऊ नका. कळला तर ती मशीन कानात घालायची नाही. तिला सांगा, सरकारी योजनेत फुकट मिळालं.’ आणि मी निघताना म्हणाला, ‘त्या दिवसापासून ती रोज रात्री माझ्या तोंडाकडे बघत बसते. आवाज आठवत असणार.’”

अप्पांनी डोळे मिटले. “चांगलं झालं की मग.”

“झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी सोजरबाई एकटीच दुकानात आली.”

“आँ?”

“आली आणि माझा हात धरून पदराखाली ओढला. हातावर एक पुरचुंडी ठेवली. तिची बोरमाळ होती. आणि कुजबुजली, ‘पोराला सांगू नगंस. त्याला म्हणावं, कंपनीनं म्हातार्‍या माणसांस्नी भेट दिलंय.’”

“कुजबुजली?”

“तिला वाटलं, ती कुजबुजतेय. अख्ख्या दुकानानं ऐकलं. हेडमास्तर परत आले होते, मशीनची बॅटरी घ्यायला. ते एकदम भिंतीवरचं माझं प्रमाणपत्र वाचायला लागले. मालक छताकडे बघायला लागले. एकानंही तिच्याकडे बघितलं नाही, अप्पा. एकानंही नाही.”



“बोरमाळ?”

“परत तिच्याच पदराला बांधून दिली. निरगाठ मारली, आणि तिच्या म्हणण्याला मान डोलावली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. तिला काय कळलं, काय नाही, देव जाणे.”

माळावर बाजार भरत होता. कुणीतरी लांबून ‘शरणार्थी’ म्हणत अप्पांना नमस्कार केला, अप्पांनी हात जोडले.

“आता पंचाईत अशी आहे,” अभिनंदन म्हणाला, आणि पहिल्या दिवसासारखाच कासावीस होऊन अप्पांकडे वळला, “उद्या दोघं बरोबर मशीन न्यायला येणार आहेत. पोरापुढं म्हणायचं, कंपनीची भेट. आईपुढं म्हणायचं, सरकारी योजना. तो तिला झाकतोय, ती त्याला झाकतेय, आणि मधे मी. त्यातून मशीन तर तिच्या कानात असणार. आता तिला सगळंच ऐकू येणार! मी बोलू काय, अप्पा? आणि कुणाशी?”

अप्पा हसू लागले. शेंगांची टरफलं मांडीवरून सांडेपर्यंत हसले. मग त्यांनी अभिनंदनच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, ओसरीवर पसरला, हातानं त्याची लांबी-रुंदी चाचपली आणि मान हलवली.

“लहान पडतोय रे हा. मोठा घे.”